रेसिडेन्सीतलं घर

ज्या घरात नवरा किंवा बायको डॉक्टरकी शिकत असते, त्या घरात एक वाक्य कायमचं मुक्कामाला येतं : ‘एकदा हे संपू दे, मग बघू.’ फिरायला जायचं मग बघू, घराला रंग मग बघू, मूल मग बघू, आईच्या मोतीबिंदूचंसुद्धा मग बघू. वाक्य समजूतदार आहे आणि ते बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. अडचण एवढीच, की ‘हे’ संपता संपत नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. मग नीट-पीजीचा अभ्यास. हवी ती शाखा मिळेपर्यंत त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. मग एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकलं तर पुढे बॉन्डचं वर्ष. सुपरस्पेशालिटी करायची म्हटलं तर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि डीएम किंवा एमसीएचची आणखी तीन वर्षं. बारावीनंतर या रांगेत उभा राहिलेला माणूस तिशी ओलांडूनच बाहेर पडतो. लग्न होतं ते रांगेच्या मध्येच कुठेतरी.

माझी बायको एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनमध्ये एमडी करते आहे, दुसऱ्या वर्षाला आहे. मी बँकेत नोकरी करतो. डॉक्टरकीतलं मला जे कळतं ते घरात ऐकून आणि वाचून. या दिवसांत आपल्या हाती काय आहे, त्याबद्दल कृतज्ञ कसं राहायचं, आणि ही कृतज्ञता नेमकी कोणाला द्यायची, याचा विचार करताना जे सापडलं ते इथे मांडतो. आमच्यासारखी घरं गावोगाव आहेत, म्हणून.

१९८९ साली ग्लेन गॅबर्ड आणि रॉय मेनिंजर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांच्या संसारावर लेख लिहिला. त्याचा विषयच मुळी ‘पुढे ढकलण्याची मानसिकता’ हा होता. कामाचा बोजा खरा असतो, पण जवळीक, बोलणं, विश्रांती हे सगळं उद्यावर टाकायला तो बोजा सोयीचं कारणही होऊन बसतो, असं त्यांचं म्हणणं. शिक्षणाच्या काळात लागलेली ही सवय शिक्षण संपल्यावर आपोआप सुटत नाही. तेव्हा परीक्षा, मग नोकरी, मग स्वतःचं हॉस्पिटल. कारण बदलत जातं, ‘मग बघू’ तेच राहतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातलं वाक्य नव्याने ऐकू आलं.

आता ही रेसिडेन्सी असते तरी काय, हे थोडं सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ती ‘पुढचं शिक्षण’ वाटते. वर्ग, पुस्तकं, परीक्षा. प्रत्यक्षात रेसिडेंट म्हणजे सरकारी रुग्णालयाचे चोवीस तास चालणारे हातपाय. मेडिसिन विभागात डॉक्टरांची युनिटं पाडलेली असतात आणि प्रत्येक युनिटला आठवड्यातला इमर्जन्सीचा वार नेमून दिलेला असतो. त्या दिवशी कॅज्युअल्टीतून येणारा मेडिसिनचा प्रत्येक नवा पेशंट त्याच युनिटचा. साप चावलेला, विष प्यालेला, झटका आलेला, डेंग्यूने प्लेटलेट उतरलेला. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी युनिटची ओपीडीही असते. जेआर-वन म्हणजे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट रक्त काढतात, सलाइन लावतात, सॅम्पल घेऊन लॅबकडे आणि चिठ्ठी घेऊन ब्लड बँकेकडे पळतात. जेआर-टू वॉर्ड आणि आयसीयू सांभाळतात, जेआर-थ्री आणि लेक्चरर निर्णय घेतात. रात्र सरते आणि सकाळी रात्रभरात आलेल्या सगळ्या पेशंटांचा राउंड असतो. त्यानंतरचं काम आटोपून पोस्ट-इमर्जन्सीचा रेसिडेंट घरी पोचतो तेव्हा घरच्यांची संध्याकाळ झालेली असते. याच्या जोडीला थीसिस, लॉगबुक, सेमिनार, केस प्रेझेंटेशन. अभ्यास उरलेल्या वेळात करायचा असतो, म्हणजे झोपेच्या वेळात.

ही रचना आली कुठून, तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झालं आणि तिथे विल्यम ऑस्लर आणि शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी ही पद्धत घडवली. शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहायचे, तिथेच जेवायचे, तिथेच झोपायचे. बहुतेक तरुण, पुरुष, अविवाहित. घर, नवरा, बायको, पाळण्यातलं मूल यांना त्या आराखड्यात जागाच नव्हती. आराखडा जगभर गेला, पुढे डॉक्टर लग्न करू लागले, बायकाही मोठ्या संख्येने डॉक्टर होऊ लागल्या, पण इमर्जन्सीचा वार आणि त्यानंतरचा लांबलेला दिवस होता तसाच राहिला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ सालच्या निर्देशांत सलग १२ तासांहून अधिक ड्यूटी सहसा नसावी आणि आठवड्याला ४८ तास काम असावं असं म्हटलेलं आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत ‘वाजवी’ तास, साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची पगारी किरकोळ रजा आली. याच आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये विद्यार्थी-डॉक्टरांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल देताना आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. ४८ पासून ७४ पर्यंतचा हा प्रवासच सांगतो की कागद कुठे आहे आणि वॉर्ड कुठे.

इमर्जन्सी करून बायको घरी आली की तिचा अ‍ॅप्रन धुवायला टाकण्याआधी खिसे रिकामे करायचं काम माझं. मायक्रोपोर चिकटपट्टीची गुंडाळी, रबरी टूर्निकेट, दोन पेनं आणि त्यांतलं एक कोणाचं तरी, अर्धा पारले-जीचा पुडा, ईसीजीच्या कागदाचा तुकडा. आणि एक घडी घातलेला मोठा पांढरा कागद. निर्जंतुक ग्लोव्हज ज्या कागदात गुंडाळून येतात, तो. रेसिडेंट लोक तो फेकत नाहीत. घडीच्या रेघा आयत्याच पडलेल्या असतात, त्यावर रात्रभराच्या कामांची यादी होते. नावं नसतात. बेड नंबर, वय, निदानाची इंग्रजी आद्याक्षरं, आणि पुढे छोटे छोटे चौकोन : सीबीसी, सीटी, डायलिसिसचा कॉल, रक्ताची पिशवी. काम झालं की चौकोनात बरोबरची खूण. वरची अक्षरं सुबक असतात. खाली खाली येताना ती तिरकी, मोठी होत जातात. ओळ सोडून घसरतात. कुठल्या ओळीपाशी पहाट झाली ते अक्षरावरून कळतं.

तो कागद फाडून टाकण्याआधी मी तिला एखादी गोष्ट विचारतो. ‘अगं, या चौकोनाभोवती तीनदा गोल का केलायस?’ मग कळतं की प्लेटलेट ब्लड बँकेत नव्हत्या, दुसरीकडून मागवाव्या लागल्या, आल्या तेव्हा पाच वाजत आले होते, आणि मुलगा आता बरा आहे. हे सांगताना तिच्या आवाजात जे येतं, ते ‘कसा होता दिवस?’ या प्रश्नाला कधी येत नाही. त्याचं उत्तर ‘ठीक’ असतं आणि त्यापुढे झोप असते. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांवर केलेल्या अभ्यासांत हेच वेगळ्या वाटेने दिसलं आहे : जोडीदार आपली चांगली बातमी सांगतो तेव्हा आपण किती लक्ष देऊन, किती रस घेऊन ऐकतो, यावर नात्याचा पोत बराच अवलंबून असतो. संकटात सोबत करणं आपल्याला जमतं. छोटं यश ऐकून घ्यायला मात्र वेळ काढावा लागतो.

कृतज्ञतेवर मानसशास्त्रात गेली वीस-पंचवीस वर्षं नेटाने काम झालं आहे. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने पाच कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटातले लोक एकूण आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. पण संसाराच्या दृष्टीने मला त्याहून मोलाचं वाटतं ते सारा अल्गो यांचं काम. २०१० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकत्र राहणाऱ्या जोडप्यांकडून दोन आठवडे रोजनिशी भरून घेतली. ज्या दिवशी जोडीदाराबद्दल कृतज्ञता वाटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी नातं अधिक जवळचं वाटत होतं. पुढच्या एका अभ्यासात त्यांनी आभार मानण्याच्या पद्धती तपासल्या. ‘मला बरं वाटलं, माझं काम सोपं झालं’ हे बोलणं चांगलंच. पण समोरच्याने काय केलं आणि त्यात त्याचा कोणता गुण दिसला हे सांगणारे शब्द अधिक खोल पोचतात.

आपल्या घरांत नवरा-बायकोने एकमेकांचे आभार मानणं परकेपणाचं वाटतं, आणि ते मला चूक वाटत नाही. आभारांची भाषा नको असेल तर निरीक्षणाची चालते. एकदा बायको जेवता जेवता म्हणाली, ‘तू चटणी वेगळ्या डबीत देतोस ना, म्हणून रात्री दोन वाजताही पोळी कोरडी असते. तुझ्या बरोबर लक्षात राहतं.’ एवढंच. यात थँक्यू कुठेही नाही. डबा मी रोज करतो हे तिला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं; पण डबा उघडण्याच्या त्या क्षणी तिथे, इंटर्नच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून खाताना, तिने ती डबी पाहिली होती, हे मला त्या वाक्याने कळलं.

असं पाहणं अवघड का जातं, याचं एक साधं कारण १९७९ सालच्या प्रयोगात आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी विद्यार्थी-वसाहतीत राहणाऱ्या विवाहित जोडप्यांना विचारलं : घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांनी वेगवेगळं उत्तर दिलं आणि बेरीज केली तर बहुतेक कामांत ती शंभर टक्क्यांच्या वर गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं. आपण केलेलं काम आपल्याला तपशिलासकट आठवतं, दुसऱ्याने केलेलं तितकं आठवत नाही, कारण ते होताना आपण तिथे नसतो. रेसिडेन्सीच्या घरात तर हे शतपट खरं. मी घासलेलं प्रत्येक भांडं मला आठवतं, तिने लावलेली प्रत्येक सलाइन तिला. म्हणून खिशातला तो कागद मला महत्त्वाचा वाटतो. मी जिथे नव्हतो तिथला तो हिशेब आहे.

इथे एका अप्रिय गोष्टीकडे वळायला हवं. मी डबा करतो याचं सोसायटीत कौतुक होतं. नातेवाईक फोनवर बायकोला म्हणतात, ‘नशीबवान आहेस हो.’ तिच्या बरोबरीचे जे पुरुष रेसिडेंट लग्न झालेले आहेत, त्यांच्या बायका हेच करतात, शिवाय नोकरी करतात, सासू-सासऱ्यांची औषधं आणतात, मुलाला शाळेत सोडतात. त्यांच्या नवऱ्यांना नशीबवान कोणी म्हणत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ सालच्या ‘द सेकंड शिफ्ट’ या पुस्तकात याला कृतज्ञतेचं अर्थशास्त्र म्हटलं : एखादं काम भेट ठरतं की कर्तव्य, हे आधीच्या अपेक्षांवर ठरतं, आणि कर्तव्याचे आभार कोणी मानत नाही. अमेरिकेतल्या २००८ ते २०१३ च्या जनगणना-सर्वेक्षणांवरून ‘बीएमजे’त २०१५ साली आलेल्या अभ्यासात डॉक्टरांमधलं घटस्फोटाचं प्रमाण परिचारिका आणि वकिलांपेक्षा कमी आढळलं, आणि हे वाचून आमच्यासारख्यांना धीर येतो. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की कामाचे तास वाढले की स्त्री-डॉक्टरांमध्ये घटस्फोट वाढतात, पुरुष-डॉक्टरांमध्ये ते कमी होतात. मला त्यात हीच गोष्ट दिसते. पुरुष घराबाहेर राहिला तर घर त्याच्यासाठी गृहीत धरून चालतं, बाई राहिली तर घर तिच्याकडे हिशेब मागतं. तेव्हा ज्या घरात नवरा शिकतो आहे आणि बायको सगळं ओढते आहे, तिथे आधी त्या नवऱ्याने डोळे उघडून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्या माणसाबद्दल कृतज्ञ राहायचं म्हणजे त्याला राबवणाऱ्या व्यवस्थेबद्दल कृतज्ञ राहायचं असं नाही. ‘सरकारी सीट मिळाली, आणखी काय पाहिजे’ हे वाक्य रेसिडेंटला फार ऐकावं लागतं, आणि ते तोंड बंद करण्यासाठीच वापरलं जातं. झोपेचंच घ्या. १९९७ साली ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखे चालतात आणि २४ तासांनी तर ०.१० टक्के असल्यासारखे. भारतात गाडी चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणून पोस्ट-इमर्जन्सीच्या दिवशी तिने स्कूटरला हात लावायचा नाही, स्कूटर हॉस्पिटलातच राहील, हा आमच्या घरचा न मोडणारा नियम. आणि ‘मार्ड’ ही रेसिडेंट डॉक्टरांची संघटना तासांसाठी, हॉस्टेलच्या खोल्यांसाठी, सुरक्षेसाठी आवाज उठवते तेव्हा घरच्यांनी ‘कशाला भानगडीत पडतेस’ म्हणू नये. समाधान आणि मागणी एका घरात सुखाने नांदू शकतात.

तसंच, कृतज्ञता हे औषध नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २७ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवर कृतज्ञतेच्या वह्यांचा परिणाम अगदीच थोडा दिसला. जोडीदाराची झोप सुटीच्या दिवशीही येत नसेल, जेवण सुटलं असेल, ‘सगळं सोडून द्यावंसं वाटतं’ ही भाषा पुन्हा पुन्हा येत असेल, तर चांगल्या गोष्टी मोजायला सांगणं क्रूर आहे. तिथे मनोविकारतज्ज्ञ हवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही मिळते, आणि डॉक्टरांनीही ती वापरायची असते.

डॉक्टरकी शिकणाऱ्या बायकोचा नवरा म्हटल्यावर महाराष्ट्राला गोपाळराव जोशी आठवतात. त्यांच्याशी कोणी तुलना केली की मला अवघडल्यासारखं होतं, कारण त्यांच्या ध्यासाइतकाच त्यांचा धाक आणि मारही खरा आहे. नऊ वर्षांच्या यमुनेशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, १८७४ मध्ये लग्न, पोस्टातली फिरतीची नोकरी, शिकवायचा हट्ट. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय निघाल्या, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या, ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली जागा तयार होती. पण आनंदीबाई परतल्या त्या क्षय घेऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. ज्या दिवसांसाठी सगळं सोसलं ते दिवस आलेच नाहीत. त्यांचं डॉक्टर म्हणून जे आयुष्य होतं, ते शिकण्याच्याच वर्षांत होतं : थंडी, शाकाहारी जेवणाची आबाळ, प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंध, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर, ज्यांना त्या मावशी म्हणत. त्या परक्या बाईने आनंदीबाईंना घरी ठेवून घेतलं, सणासुदीला जीव लावला.

त्या मावशींमुळे मी एक करू लागलो. या काळात आमचा संसार आम्ही दोघंच चालवतो, हा समज मी सोडून दिला. सिस्टर दीड वाजता स्वतःच्या थर्मासातला चहा तिला देतात. तिला ताप होता तेव्हा तिच्या को-रेसिडेंटने सलग दोन इमर्जन्सी काढल्या. वॉर्डातल्या मावशी तिचा डबा उचलून बाजूला ठेवतात म्हणून तो हरवत नाही. माझी आई दर पंधरवड्याला एसटीने मेतकूट आणि लाडू पाठवते. यांतल्या प्रत्येकाला मी कळेल असं सांगतो. दिवाळीत को-रेसिडेंटच्या घरी फराळ गेला, त्याच्या आईला फोनवर सांगितलं की तुमच्या मुलाने त्या आठवड्यात काय केलं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. तो घरी काही बोलत नाही म्हणाल्या.

कू, अल्गो, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी २००८ मध्ये आणखी एक प्रयोग केला होता. काही लोकांना आपण जोडीदाराला कसे भेटलो ते लिहायला सांगितलं, काहींना आपली भेट कदाचित झालीच नसती ते. दुसरे लोक नात्याबद्दल अधिक समाधानी निघाले. आम्ही एका रविवारी हे करून पाहिलं. तिला पहिल्या फेरीत दुसऱ्या शहरातलं कॉलेज मिळालं होतं, दुसऱ्या फेरीत हे मिळालं. ती फेरी वेगळी लागली असती तर आज माझा डबा बँकेतच खाऊन झाला असता, आणि तिचा तीनशे किलोमीटरवरच्या कुठल्यातरी मेसमध्ये. आठवड्यातून काही रात्री का होईना, एका छताखाली आहोत.

पुढच्या सेमिस्टरला तिची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी आहे. पीजीच्या विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं, असा आता नियमच आहे. तिथली ड्यूटी इथल्याइतकी लांबत नाही, असं तिच्या सीनियर सांगतात. आधी आमचा बेत होता की तिने तिथे राहून थीसिसचं लिखाण उरकावं आणि मी इथेच थांबावं. आता मी शाखेत रजेचा अर्ज दिला आहे आणि जिल्ह्याच्या गावी स्टँडजवळ दोन खोल्यांची चौकशी सुरू आहे. थीसिस सकाळी होईल. संध्याकाळी ती घरी येईल तेव्हा उजेड असेल, म्हणून बॅडमिंटनच्या रॅकेट बांधून ठेवल्या आहेत. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्याच जिल्हा रुग्णालयात करून घ्यायचं ठरलं आहे.